‘नक्की?’नंतरचे चार सेकंद

एका तासाच्या व्याख्यानात मी एकवीस वेळा नाकाला हात लावतो, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. एक मी, आणि दुसरे मला ती सांगणारे आमच्या मानसशास्त्र विभागाचे मामा. बायकोला अजून माहीत नाही. माझ्यातल्या इतर दोषांमधून तिला नाकापर्यंत यायला सवड मिळालेली नाही.

महाविद्यालयात शिपायाला मामा म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे. प्राचार्यांपासून अकरावीतल्या पोरापर्यंत सगळ्यांचे ते मामा. खरं नाव हजेरीपटावर असतं आणि तिथंच राहतं. मीही ते इथं लिहीत नाही, कारण नावाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ‘‘नावानं माणूस कळत नाय सर, निस्ता सापडतो.’’

उंच, वाळलेला देह. गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट. गळ्यात जाड दोरीनं अडकवलेलं विभागाचं स्टॉपवॉच आणि खिशात एक स्टीलचं मोजयंत्र. प्रदर्शनाच्या दारात माणसं मोजायला वापरतात तसलं. अंगठ्यानं दाबलं की टिक् करतं आणि आकडा एकानं पुढं सरकतो. कुठल्यातरी स्नेहसंमेलनासाठी ते आणलं होतं, नंतर कुणी परत मागितलं नाही आणि मामांनी आठवण करून दिली नाही.

विभागात माझा पहिला आठवडा चालू होता. ‘अवधान’ या विषयावर मी पोटतिडकीनं बोलत होतो आणि मागच्या बाकावरून मधूनमधून टिक् ऐकू येत होतं. तास संपल्यावर मी मामांना गाठलं.

‘‘मामा, काय मोजत होता?’’

‘‘नाक, सर.’’

‘‘कुणाचं?’’

‘‘नाक एकच हालत व्हतं. येकवीस डाव.’’

‘‘पण कशासाठी?’’

‘‘कशासाठी ते मला बी ठाऊक नाय. आधी किती ते तर कळू द्या. का ते मागून बघू.’’

विद्यापीठात दोन वर्षं घालवून जे मला नीट कळलं नव्हतं ते मामांनी जिन्यात उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं. अर्थात त्या वेळी मला फक्त राग आला होता, आणि त्या रागात मी नाकाला हात लावला.

प्रबंधाच्या वेळची माझी परिस्थिती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरते तुम्ही प्राध्यापक आणि एरवी सिडकोतल्या एका फ्लॅटमधले काका. त्या पहिल्या आठवड्यापासून असं करता करता अकरा वर्षं झाली होती. सेट आणि नेट या दोन्ही परीक्षांनी मला इतक्या वेळा परत पाठवलं होतं की निकालाच्या दिवशी घरात कुणी विषयसुद्धा काढत नसे. कायमच्या जागेसाठी एकच वाट उरली होती, पीएच.डी.ची. आमच्याच विभागातली जागा येत्या जूनमध्ये भरायची होती. दिवाळीपर्यंत प्रबंध गेला तर मी त्या रांगेत उभा राहू शकणार होतो. नाही गेला तर वयाची पन्नाशीही तासावरच साजरी करायची.

तर मामा.

मामांचं एक तत्त्व होतं. माणूस कसा आहे असं त्यांना विचारलेलं चालत नसे. ‘‘माणूस कसा हाय ते सोडा सर. माणूस कुठं उभा हाय ते बघा. त्याच्या म्होरं काय हाय, मागं काय हाय. मंग तो काय करंल ते सांगतो.’’ आणि ते सांगायचे.

प्राध्यापकांच्या मस्टरचं उदाहरण घ्या. येण्याची वेळ ज्यानं त्यानं लिहायची असे, आणि सगळे जण दहा पंचवीसला येत. पावणेअकराला येणारेसुद्धा दहा पंचवीसलाच येत. प्राचार्यांनी नैतिक मूल्यांवर एक परिपत्रक काढलं. त्याच्यावरही सगळ्यांनी दहा पंचवीसलाच सह्या केल्या. मामांनी कुणाला न विचारता प्रयोगशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि मस्टरच्या बरोबर वर, नजरेच्या उंचीवर ठोकलं. बस्स. दुसऱ्या दिवसापासून दहा एकतीस, दहा अडतीस, दहा त्रेचाळीस असे वेडेवाकडे, खरे आकडे उगवायला लागले.

‘‘लोक सुधारले म्हणायचे मामा,’’ मी म्हणालो.

‘‘कोण सुधारलं? घड्याळ हालवलं फक्त. लबाडीला बी बूड टेकायला जागा लागती. म्होरं काटा फिरत असला की बसता येत नाय.’’

त्यांच्या वहीत एक रकाना होता, ‘पाणी’. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही हे इथल्या वाचकाला सांगायला नको. कोणत्या वसाहतीला कोणत्या दिवशी पाणी, हे मामांना पाठ होतं आणि त्यावरून ते कर्मचाऱ्यांचे स्वभाव सांगत. ‘‘आज साहेबाकडं रजेचा अर्ज नेऊ नका. त्यांच्या तिकडं काल यायचं व्हतं, आलं नाय.’’ मी एकदा ऐकलं नाही. अर्ज फेटाळला गेला. प्राचार्य तिसऱ्या दिवशी स्वतः हाक मारून म्हणाले, ‘‘अरे, घे ना रजा, त्यात काय!’’ मामा दारात उभे होते. त्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं की टाकी भरली.

मी मोठ्या कौतुकानं हे किस्से लोकांना सांगायचो. हे सगळं दुसऱ्यांबद्दल होतं तोवर मला फार आवडायचं.

मामा भेटेल त्याला ‘जयभीम’ म्हणत. आवाज रोजचाच, ना कमी ना जास्त. कोण उलट ‘जयभीम’ म्हणतं, कोण ‘नमस्कार’ म्हणतं, कोण ‘हां हां’ करून पुढं जातं, याची नोंद त्यांच्याकडं होती. ‘‘एप्रिलात उत्तरं जास्त येत्यात,’’ ते शांतपणे म्हणायचे, ‘‘अन् निवडणुकीत लईच.’’ मी मनमोकळा हसलो. तेव्हा ते म्हणाले, ‘‘सर, तुमची दोन हायेत. एकटे असला की ‘जयभीम मामा’ म्हणता. संगं साहेब असले की निस्ती मान हालवता.’’

मी म्हणालो, ‘‘छे! असं नसेल.’’

ते म्हणाले, ‘‘असंल नसंल असं नाय सर, वही हाय.’’ त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. भिंतीवरची पाल कुठल्या बाजूला वळली हे सांगावं, तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पीएच.डी.चे माझे मार्गदर्शक सर बरोबर असताना मी एवढ्या जोरात ‘जयभीम मामा!’ म्हणालो की सर दचकले. मामांनी उलट जयभीम केला आणि हळूच म्हणाले, ‘‘आजचा धरायचा नाय. सांगितल्यावरचा हाय.’’

आता प्रबंध. विषयाचं लांबलचक नाव गाळतो. सार असं की खेड्यातले आणि शहरातले विद्यार्थी आपल्या निर्णयावर किती ठाम राहतात. मी शहरात वाढलो तरी वडील खेड्यातून आलेले, त्यामुळं मी स्वतःला खेड्यातल्या पोरांचा कैवारी समजत होतो. त्यांचा आत्मविश्वास कमी असतो, हे शास्त्रानं एकदा सिद्ध झालं की मग सरकारला काहीतरी करावं लागेल, अशी माझी उदात्त योजना होती.

पद्धत सोपी होती. वीस कार्डं. प्रत्येकावर दोन रेषा, एक वर, एक खाली, लांबीत केसाएवढा फरक. विद्यार्थ्यानं लांब कोणती ते सांगायचं. मग मी फक्त एक शब्द विचारायचा, ‘‘नक्की?’’ त्यानं उत्तर बदललं तर डगमगीच्या रकान्यात एक खूण. कार्ड दाखवायचं आणि विद्यार्थ्याला उत्तरासाठी लागलेला वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा, हे काम मामांकडं.

देवगाव रंगारीची एक मुलगी आली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मामांनी कार्ड धरलं.

‘‘वरची,’’ ती पटकन म्हणाली.

‘‘नक्की?’’

तिनं माझ्याकडं पाहिलं, कार्डाकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं. ‘‘नाय सर... खालची असंल मग.’’

मी खूण केली. बरोबर उत्तर ‘वरची’ होतं.

तिच्या मागून शहरातला एक मुलगा, हातात मोटारसायकलची किल्ली फिरवत.

‘‘खालची, सर.’’

‘‘नक्की ना?’’

‘‘शंभर टक्के!’’

ठार चुकीचं. पण ठाम! माझ्या तक्त्यात तो उजळून निघाला.

तीन महिन्यांनी आकडे मांडले तर असा ठळक फरक, की मार्गदर्शक सरांनी खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवला. असा हात त्यांनी अकरा वर्षांत दिला नव्हता. मी पेढे आणले. पहिला पेढा मामांना द्यायला प्रयोगशाळेत गेलो. त्यांनी तो घेतला, कागदावर ठेवला आणि कपाटातून एक वही काढली.

‘‘सर, दुसरी एक वही बी हाय.’’

‘‘तिच्यात काय?’’

‘‘तुम्ही.’’

मी वही उघडली. सुबक अक्षरात रांगाच रांगा. विद्यार्थ्याचा क्रमांक, आणि त्यापुढं सेकंद. उत्तरासाठी विद्यार्थ्याला लागलेले सेकंद नव्हते ते. ‘नक्की?’ विचारल्यावर मी गप्प राहून त्याच्याकडं बघत बसलो, ते माझे सेकंद.

‘‘खेड्यातलं लेकरू असलं की तुम्ही इचारता अन् थांबता. चार-चार सेकंद. भुवई वर जाती. शहरातलं असलं की ‘नक्की ना?’ म्हणता, अन् उत्तर यायच्या आत म्होरल्या कार्डासाठी मला खूण करता.’’

‘‘पण मला कसं कळणार कोण कुठला?’’

‘‘फारमावर पयलं ‘गाव’ असतंय. तुमीच इचारून भरता.’’

माझा आवाज चढला. ‘‘मामा, प्रयुक्त ते विद्यार्थी आहेत! ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला मोजायचं असतं. मला कशाला मोजलं?’’

‘‘खोलीत दोघं व्हते सर,’’ मामा म्हणाले. ‘‘एकालाच कसं मोजू?’’

मी ते मान्य करणार नव्हतोच. तेव्हा मामा माझ्या खुर्चीत बसले आणि त्यांनी माझी नक्कल करून दाखवली. आधी शहरी ‘नक्की ना?’, हसतमुख, खांद्यावर थाप मारल्यासारखा. मग दुसरा. ‘‘नक्की...?’’ भुवई वर, मान किंचित तिरकी, ओठ मिटलेले, आणि ते भयंकर, कनवाळू थांबणं. मी देवगाव रंगारीचा नव्हतो, वय सेहेचाळीस होतं, आणि तरी माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘‘नाही म्हणजे... बघू या परत.’’

मामांनी टिक् केलं.

मग ते म्हणाले, ‘‘मला लई जुनं ठाऊक हाय हे.’’ मामा स्वतः बी.ए. होते, तेही मानसशास्त्र घेऊन, हे मला त्या दिवशी कळलं. तरुणपणी प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी मुलाखत झाली होती. साहेबांनी एक उपकरण दाखवून नाव विचारलं. यांनी बरोबर सांगितलं. साहेब म्हणाले, ‘‘नक्की?’’ आणि थांबले. ‘‘मी म्हणलं, तुम्ही म्हणाल तसं साहेब. त्यांनी लिवलं, शिपाई.’’

‘‘मामा, केवढा अन्याय हो!’’

‘‘तेव्हा मला बी तसंच वाटलं. मंग वाटलं, त्यांनी घड्याळ लावलं असतं तर त्यांना बी कळलं असतं. त्यांना ठाऊकच नव्हतं ते थांबले म्हणून. जसं तुम्हाला नव्हतं.’’ आणि मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, ‘‘म्हणून घड्याळ गळ्यात बांधलंय.’’

प्रयोग पुन्हा करायचा ठरलं. मी ठरवलं असं म्हणण्यात अर्थ नाही. मामांनी पार्टिशन आणून ठेवलं होतं. मी लाकडी पार्टिशनच्या मागं बसायचं, विद्यार्थी दिसणार नाही. गाव शेवटी लिहायचं. आणि ‘नक्की?’ मोबाइलवर एकदाच रेकॉर्ड करून सगळ्यांना तेच ऐकवायचं.

रेकॉर्डिंग माझ्या आवाजात करून पाहिलं. तेरा वेळा. मामा प्रत्येक वेळी मान हलवायचे. ‘‘ह्यात दया हाय.’’ पुन्हा केलं. ‘‘ह्यात शंका हाय.’’ पुन्हा. ‘‘ह्यात तुम्ही हायेत, सर.’’ शेवटी कार्यालयातल्या आपांना बोलावलं. या आमच्या लिपिक, खुलताबादहून रोज बसनं येणाऱ्या आणि तीस वर्षं विद्यार्थ्यांना एकाच आवाजात ‘फॉर्म अधूरा है’ सांगणाऱ्या.

‘‘एक शब्द बोलायचाय आपा. फक्त ‘नक्की?’’’

‘‘किसको बोलना?’’

‘‘कुणालाच नाही. मोबाइलला.’’

‘‘नक्की?’’ आपा म्हणाल्या. त्यात काहीच नव्हतं. ना दया, ना शंका, ना शहर, ना खेडं. एखादा शिक्का मारावा तसा शब्द. मामांचा चेहरा उजळला. ‘‘हे! हे पायजे व्हतं!’’

‘‘बस? इसके वास्ते बुलाए मेरेकू?’’ आपा पदर सावरत निघाल्या. ‘‘पढेलिखे लोगां का भी ना, कुछ समझ में नहीं आता.’’

नवे विद्यार्थी घेतले. देवगाव रंगारीचे, चितेगावचे, खुलताबादचे, आणि सिडकोतले माझ्याच इमारतीतले. आपांच्या आवाजापुढं सगळे सारखेच डगमगले आणि सारखेच ठाम राहिले. फरक नाही. तक्ता कसाही फिरवा, फरक नाही. पार्टिशनमागं माझा जीव जात होता आणि मामा आनंदानं नुसते थरारले होते. ‘‘बघायला गेलो लेकरं अन् सापडला मास्तर! सर, ह्ये लई मोठं हाय. दोन्ही तक्ते टाका. पयला बी, दुसरा बी. अन् मधी तुमचे सेकंद.’’

‘‘टाकू,’’ मी म्हणालो.

आणि मी वही घरी नेऊन कपड्यांच्या कपाटात ठेवली.

आता इथं मी काहीतरी उदात्त लिहू शकतो, पण मामांचं मोजयंत्र अजून कानात वाजतं. खरं ते असं. दिवाळी सात आठवड्यांवर होती. पहिला तक्ता छापून तयार होता, मार्गदर्शक सर खूष होते. दुसरा तक्ता म्हणजे ‘मी चुकलो’ असं दोनशे पानांत बांधून देणं. मी स्वतःला सांगितलं की नवे विद्यार्थी थोडे आहेत. मग सांगितलं की आपांचा आवाज अनैसर्गिक आहे. माझ्यासारख्या माणसाला कारणं पुरवायला मन फार तत्पर असतं. मी मागच्या जिन्यानं विभागात यायला लागलो. पुढच्या जिन्याशी मामांचं स्टूल असे.

तीन आठवडे मामा काही बोलले नाहीत. एक दिवस मागच्या जिन्यावर समोरासमोर आलो.

‘‘जयभीम सर. इकडून पायऱ्या जास्त हायेत. अकरा.’’

‘‘व्यायाम, मामा.’’

‘‘असंल,’’ ते म्हणाले. आणि जाता जाता सहज म्हणाले, ‘‘तुमचे साहेब बिस्तरवारी चारला मोकळे असत्यात. काही बोलायचं असलं तर.’’

मला बोलायचं होतं ते फक्त प्रबंधाच्या प्रमाणपत्रावरच्या सरांच्या सहीबद्दल. गुरुवारी चारला मी सरांच्या खोलीत गेलो. बॅगेत दोन्ही तक्ते होते, पण काढायचा होता पहिलाच. आत सरांसमोर बाहेरच्या विद्यापीठातले एक पाहुणे बसलेले, पांढऱ्या भुवयांचे, हातात कचोरी. सरांनी कौतुकानं ओळख करून दिली. ‘‘हा आपला विद्यार्थी. फार सुंदर निष्कर्ष आलाय.’’

‘‘अच्छा? प्रयोगात ‘नक्की?’ विचारत कोण होतं?’’ पाहुण्यांनी कचोरीतून विचारलं.

एवढाच प्रश्न. मला काय झालं कुणास ठाऊक, मी दुसरा तक्ता काढला, सेकंदांची वही काढली, आणि मामांनी केलेली माझी नक्कल पाहुण्यांना जशीच्या तशी करून दाखवली. पाहुण्यांनी कचोरी खाली ठेवली. ‘‘अहो, हे फारच छान! म्हणजे मोजणाराच मोजला गेला! सर, तुमचं मार्गदर्शन जबरदस्त आहे.’’ सर हसले. त्यांना हसावंच लागलं.

मी बाहेर आलो तो तरंगत. माझी छाती तेव्हा कुणी मोजायला हवी होती. धावत मामांकडं गेलो आणि माझ्या सत्यनिष्ठेची कथा जरा वाढवूनच सांगितली.

मामांनी ऐकून घेतलं. ‘‘कचोरी खाल्ली का त्यांनी?’’

‘‘तुम्हाला कचोरीचं काय माहीत?’’

‘‘मीच आणली. तुम्ही जिन्यात भेटायच्या आधीच साहेब म्हणले व्हते, बिस्तरवारी चारला पाव्हणे हायेत, येक कप जास्ती ठेवा. म्हणलं, पाव्हण्यांसमोर साहेब ओरडायचे नाय, अन् तुमची नक्कल बघायला माणूस असला की तुम्ही करणारच. तुम्हाला हसवायला लई आवडतंय.’’

‘‘म्हणजे तुम्ही मला पाठवलंत!’’

‘‘मी वेळ सांगितली. पाय तुमचे.’’

माझ्या सत्यनिष्ठेतली हवा तिथंच गेली. घड्याळ मस्टरवर ठोकलं होतं तसं या माणसानं मला एका पाहुण्यासमोर ठोकलं होतं. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी मार्गदर्शक सरांचा फोन आला.

या वेळी खोलीत कुणी नव्हतं. सर चिडलेले नव्हते, हे जास्त कठीण होतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. ‘‘हे बघ, त्या दिवशी पाहुणे होते म्हणून मी गप्प बसलो. मी तुझा शत्रू नाही. पहिला तक्ता ठेव. दुसरा पुढं कधीतरी लेख म्हणून छाप, मीच मदत करीन. फरक नाही असा प्रबंध कुणी लवकर पास करत नाही. वर्ष-दीड वर्ष जाईल. जूनची जागा जाईल. तू सेहेचाळीसचा आहेस.’’ त्यांच्यासमोर माझं प्रमाणपत्र होतं, सहीची जागा रिकामी. पेन उघडं होतं.

मी म्हणालो, ‘‘सर, दोन्ही.’’

म्हणालो खरा, पण आवाज आपांसारखा आला, सपाट. सरांनी प्रमाणपत्र खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

जूनमध्ये त्या जागेवर एक हुशार मुलगी आली. चांगलं शिकवते. माझा प्रबंध पुढच्या दिवाळीनंतर कधीतरी जाईल. त्यात आता एक प्रकरण माझ्यावर आहे आणि आभाराच्या पानावर मामांचं पूर्ण नाव आहे. मी अजून तासावरच.

मामा त्याच सुमारास निवृत्त झाले. मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. लेण्यांच्या रस्त्याकडच्या वस्तीत दोन खोल्या, दारात तुळतुळीत पुसलेली फरशी. सरांच्या खोलीतली ती दुसरी भेट मी त्यांना कधी सांगितलीच नव्हती. चहा झाल्यावर सांगितली. ते एकदम सरसावून बसले, कपाटातून वही आणली, पेन उघडलं.

‘‘आत कोण व्हतं?’’

‘‘कुणी नाही.’’

‘‘दारात?’’

‘‘कुणी नाही.’’

‘‘घरून कोणी काय बोललं व्हतं?’’

‘‘बायको म्हणाली होती, येताना कोथिंबीर आणा.’’

‘‘वसाहतीत पाणी?’’

‘‘आलेलं होतं. टाकी भरलेली.’’

‘‘साहेब ओरडले? अपमान केला?’’

‘‘नाही. गोडच बोलले.’’

‘‘मी कोणाला धाडलं नव्हतं,’’ मामा स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांची ती अडचण मला पाहवेना. मदत करावी म्हणून मी म्हणालो, ‘‘मामा, भूक लागली असेल मला. भुकेलेला माणूस जरा फटकळ होतो.’’

त्यांचे डोळे चमकले. पेन कागदाला टेकलं. ‘‘हां! किती वाजता जेवला व्हता?’’

मला खोटं सांगता आलं असतं.

‘‘जेवूनच गेलो होतो,’’ मी म्हणालो.

मामांनी ती ओळ रिकामीच सोडली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि आत वळून म्हणाले, ‘‘अजून येक चहा टाका बरं. सर बसत्यात.’’